दीपगृहावर फुली

५ सप्टेंबर, गुरुवार

शाळेच्या पालकसभेत आज एक काम माझ्या गळ्यात पडलं. सांस्कृतिक मंडळातल्या एक बाई नवऱ्याची बदली झाल्यामुळे ओसाकाला गेल्या आणि त्यांची जागा रिकामी पडली. तिसरीच्या पालकांनी बिस्किटांच्या डब्यातून एकेक चिठ्ठी उचलली. लाल ठिपक्याची चिठ्ठी माझ्या हाती आली. सगळ्या आयांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि लगेच, मला वाईट वाटू नये म्हणून, चेहरे गंभीर केले.

मी मात्सुएच्या पाणीखात्यात एकोणीस वर्षं नोकरी करतो. कुठली नळजोडणी कधी गळणार हे मला आधी कळतं. संस्कृतीशी माझा संबंध खात्याच्या वार्षिक सहलीपुरता. काम तसं लहान आहे. नोव्हेंबरात शाळेच्या व्यायामशाळेत मुलं, आईबाप, आजीआजोबा असे सगळे मिळून ॲनिमेशनचा एक सिनेमा बघतात. तो निवडायचा.

बायको, मिसुझु, का आली नाही, असं आज कोणी विचारलंही नाही. सासूबाई आजारी आहेत, ती कागोशिमाला माहेरी त्यांची सेवा करतेय, असं मी एप्रिलपासून सांगत आलो आहे. लोकांना सवय झाली असावी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते खोटं नाही.

खात्याने दिलेल्या या वहीत खरं लिहायला हरकत नाही. मिसुझु घर सोडून गेली. भांडण नाही, तंटा नाही. या घरात मला श्वास घेता येत नाही, असं ती मार्चमध्ये एकदा म्हणाली होती. दुसऱ्याच दिवशी मी सगळ्या खिडक्यांच्या जाळ्या काढून धुतल्या. तरी ती गेली. सासूबाई ठणठणीत आहेत, मुळे पिकवतात.

८ सप्टेंबर, रविवार

दर रविवारी दहा वाजता माझी मुलगी काहो आईशी फोनवर बोलते. तेवढा वेळ मी बाल्कनीत कपडे वाळत घालतो. आज बोलणं झाल्यावर ती बाहेर आली आणि माझ्या शेजारी उभी राहून मोज्यांच्या जोड्या लावायला लागली. कुठला सिनेमा लावावा, मी विचारलं. तिला विचार करावा लागला नाही.

"'टोकावरचं दीपगृह' लावा बाबा. तो सगळ्यांनी बघायला पाहिजे."

सगळ्यांनी का, असं विचारल्यावर मोज्यांची आणखी एक जोडी लावून म्हणाली, त्यात समुद्र छान काढलाय. आठ वर्षांच्या मुलीला चित्रांची एवढी पारख असेल असं वाटलं नव्हतं. हिला रंगांची चांगली पेटी आणायला हवी.

१४ सप्टेंबर, शनिवार

मंडळाच्या यादीत तीन सिनेमे आहेत. काहोला घेऊन तिन्ही पाहिले. डोळे चुरचुरतायत, पण काम म्हटलं की नीट करायचं.

'लोखंडी गुरुजी': एक यंत्रमानव शाळेत शिकवायला येतो. मारामारी भरपूर, मी मोजले तर अकरा स्फोट झाले. गुरुजी कधीच चुकत नाही आणि त्याचाच मला कंटाळा आला. जो चुकत नाही त्याच्याबद्दल काळजी कशी वाटणार?

'विसराळू खारींचं बिऱ्हाड': खारींचं एक कुटुंब अक्रोड कुठे पुरले ते विसरतं आणि दर थंडीत बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडतं. दर दोन मिनिटांनी कोणीतरी फांदीवरून पडतं. मुलं हसतील. मोठ्यांसाठी त्यात फारसं काही दिसलं नाही. मध्ये मला डुलकी लागली आणि उठल्यावरही गोष्ट समजत होती.

'टोकावरचं दीपगृह' मात्र वेगळा आहे. मिओ नावाच्या मुलीची आई दूरच्या बेटावर दीपगृहात नोकरी धरते. आता परत येईल, मग परत येईल, म्हणून आपण दोन तास वाट बघतो आणि ती येतच नाही. मिओ सुट्टीत तिकडे राहून येते, बोटीने घरी परतते आणि बापाने करपवलेला मासा खाते. तिथे सिनेमा संपतो. समुद्राचा रंग दर प्रसंगाला निराळा आहे, हे काहोचं म्हणणं बरोबर. पण मला त्याहून आवडलं ते हे की कोणीच वाईट नाही. इतर सिनेमांत काही बिघडलं की एखादा दुष्ट माणूस सापडतो आणि मुलं निश्चिंत होतात. इथे तसा कोणी सापडत नाही, आणि तरीही शेवटी मन हलकं होतं. हे कसं साधलं असेल, याचा मी भांडी घासताना विचार करत होतो.

करपलेल्या माशावर काहो खूप हसली. तो प्रसंग तसा विनोदी नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

मंडळाची पहिली बैठक शाळेच्या वाचनालयात झाली. आम्ही चौघं. अध्यक्ष कादोवाकी-सान, आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर ज्यांची लाँड्री आहे त्या. योनेहारा-सान, त्यांची जुळी मुलं पहिलीत आहेत. आणि फुकुमा आजी. सून इस्पितळात पाळीवर असते म्हणून तिच्या जागी त्या येतात.

कादोवाकी-साननी तक्ता आखून आणला होता. चित्रं, संगीत, गोष्ट, सगळ्या वयांना चालेल का, असे चार रकाने. उत्तमला दुहेरी वर्तुळ, बऱ्याला साधं वर्तुळ, जेमतेमला त्रिकोण, नकोला फुली. दीपगृहाला पहिल्या तीन रकान्यांत वर्तुळंच वर्तुळं. शेवटचा प्रसंग पाहून आपण रडलो, असं योनेहारा-सान सांगत होत्या. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली आणि त्या म्हणाल्या, खरं तर सर्दीच झाली होती.

आणि शेवटच्या रकान्यात तिघींच्या तीन फुल्या.

मी चाटच पडलो. कारण विचारलं तर लांबी जास्त आहे म्हणाल्या. शिवाय वादळ आहे, लहान मुलं घाबरतील. निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला.

मी मिठाई नेली होती. कागोशिमाची कारुकान, डोंगरी कंदाची ती पांढरी वाफवलेली वडी. मिसुझुने माहेरहून पाठवलीय म्हटलं. स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानात दक्षिणेकडच्या जिनसांचं प्रदर्शन भरलंय, तिथून आणली आणि दुकानाचा कागद काढून साध्या कागदात बांधली. तिघींनी ती फार अदबीने खाल्ली. किती लांबून आलीय बघा, असं योनेहारा-सान म्हणाल्या तेव्हा कोणीच वर पाहिलं नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

दुसरी बैठक. या वेळी मी तयारीने गेलो. सिनेमा एकशे चोवीस मिनिटांचा, मध्ये पंधरा मिनिटं सुट्टी ठेवता येईल. वादळ घड्याळ लावून मोजलं, ते पावणेतीन मिनिटंच आहे. त्या मानाने यंत्रमानवाचे स्फोट कितीतरी जास्त, त्यांची भीती कोणालाच वाटत नाही.

कादोवाकी-सान म्हणाल्या, मुद्दा अगदी बरोबर आहे. आमच्याकडे असं म्हटलं की समजावं, गाडी पुढे सरकणार नाही. मग नवीन कारणं निघाली. व्यायामशाळेत पडद्यावर निळा रंग नीट दिसत नाही म्हणे. करपलेला मासा दाखवल्याने घरच्या स्वयंपाकाबद्दल गैरसमज होतील म्हणे. हे बोलताना योनेहारा-सानचे कान लाल झाले होते.

फुकुमा आजींनी एकदा तोंड उघडलं. "अहो, त्या पोरीला उगीच," इतकंच त्या बोलल्या. कादोवाकी-सान लगेच त्यांच्या पेल्यात चहा ओतायला लागल्या. पेला आधीच भरलेला होता, चहा बशीत सांडला. कुठल्या पोरीला, ते राहूनच गेलं. बहुधा मिओबद्दल बोलत असाव्यात.

मला आता जिद्द चढली आहे. चांगल्या कलाकृतीवर असा अन्याय मी होऊ देणार नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

दुपारी तळ्यातल्या शिंपल्यांचं मिसोचं सार केलं होतं. जेवताना मी काहोपाशी कुरकुर करत होतो की या बायकांना सिनेमातलं काही कळत नाही, कारणं तरी कसली देतात, निळा रंग काय, मासा काय. काहो काड्यांनी एकेका शिंपल्यातलं मांस सोडवत होती. मान वर न करता ती म्हणाली,

"बाबा, ते माझ्यासाठी करतायत."

म्हणजे काय, मी विचारलं.

"त्यात आई निघून जाते ना. मला सगळ्यांसमोर रडू येईल असं त्यांना वाटतं. सगळ्यांना माहितेय बाबा. आपल्या आईचं."

कोणी सांगितलं, तर कोणीच नाही. आईने एप्रिलमध्ये लाँड्रीतून फक्त स्वतःचे गरम कपडे नेले, तेव्हापासून कादोवाकी काकूंना माहीत आहे. मग हळूहळू सगळ्यांनाच.

मग शाळेत तू काय सांगतेस, हे मी कसंबसं विचारलं.

"आजी आजारी आहे, हेच. तुम्ही सांगितलं होतं ना तसं सांगायला. वर्गातली हिना दर सोमवारी विचारते, आजी कशी आहे. मी आजीला चार वेळा बरी केली आणि पाच वेळा आजारी पाडली." मग पुढचा शिंपला उचलून म्हणाली, "तिलाही माहितेय. पण मी खोटं बोलतेय असं मला वाटू नये म्हणून ती विचारते."

सहा महिने मी या मुलीला जपतोय अशा समजुतीत होतो. प्रत्यक्षात ती मला जपत होती. वर तिची मैत्रीण तिला जपत होती, आणि तीन बायका तक्त्यावर फुल्या मारून आम्हा दोघांना.

मांजर डोळे मिटून दूध पितं, तसा मी सगळ्या गावासमोर पीत होतो.

दीपगृहच का हवं होतं, ते शेवटी विचारलं. समुद्रासाठी का?

"समुद्र छानच आहे," काहो म्हणाली. "पण मिओ शेवटी जेवते ना. आई नसली तरी ती ठीक असते. ते मला सांगता येत नाही. सिनेमात बघितलं असतं तर कळलं असतं सगळ्यांना."

७ ऑक्टोबर, सोमवार

कामावरून येताना शर्ट घ्यायला लाँड्रीत गेलो. कादोवाकी-साननी हवेबद्दल विचारलं, मी हवेबद्दल सांगितलं. दोघंही या कामात किती तरबेज आहोत ते आज पहिल्यांदा दिसलं. शर्ट घेऊन आलो. बोलायचं धैर्य झालं नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

टेबलाच्या खणात घटस्फोटाचा हिरव्या रेघांचा अर्ज पडून आहे. मिसुझुने जूनमध्ये सहीच्या जागी तिचा शिक्का मारून पाठवलेला. माझा शिक्का त्याच खणात, वीतभर अंतरावर. आज दोन्ही बाहेर काढले, पाहिले आणि परत ठेवले.

मला भीती कसली वाटते ते शोधत होतो. ती गेली याची नाही. ते आता जुनं झालं. ती गेली हे लोकांना कळण्याची भीती होती, आणि ते तर सगळ्यांना कधीच कळून चुकलं होतं. मग उरलं काय? उरलं एवढंच, की ते माझ्या तोंडून कोणी ऐकलेलं नाही.

काहो आईला भेटते तीही ओकायामाच्या स्टेशनवर, दोन महिन्यांतून एकदा. मीच ती सोय केली होती, म्हणजे इथलं कोणी बघायला नको. आठ वर्षांची पोर अडीच तास गाडीत बसून आईला लपूनछपून भेटते. हे लिहिताना लाज वाटते आहे.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

तिसरी बैठक. आज मिठाई नेली ती इथलीच, पुलाजवळच्या म्हाताऱ्याकडची. ती टेबलावर ठेवली आणि बसण्याआधीच बोलून टाकलं. बसलो असतो तर राहून गेलं असतं.

"माझी बायको एप्रिलमध्ये घर सोडून गेली. सासूबाईंना काही झालेलं नाही. मागची मिठाईही तिने पाठवली नव्हती, मी स्टेशनजवळून आणली होती."

मग फुकुमा आजी म्हणाल्या, "ते ठाऊक होतं. चिकटपट्टीवर दुकानाचं नाव होतं की."

योनेहारा-सानना हसू आवरेना, आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरले. मलाही हसू आलं. मी म्हटलं, "दीपगृहावरची फुली माझ्या मुलीसाठी असेल तर खोडा. सिनेमासाठी असेल तर राहू द्या. तिला तो सिनेमा सगळ्यांबरोबर बघायचाय."

कादोवाकी-सान उठून उभ्या राहिल्या आणि कमरेत वाकल्या. आम्हाला वाटलं, गप्प राहणं हीच मदत, असं म्हणाल्या. आपण सगळ्यांनी मिळून एका लहान मुलीला केवढ्या खोट्यात ठेवलं, असंही म्हणाल्या. मी म्हटलं, त्यातला मोठा वाटा माझा. मग त्यांनी खोडरबर काढलं आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून निशाण्या केल्या.

खरी चर्चा तिथून सुरू झाली. योनेहारा-साननी दुहेरी वर्तुळ दिलं आणि सर्दीचं काही सांगितलं नाही. मी अर्थातच दुहेरी दिलं. कादोवाकी-सान बराच वेळ पेन्सिल धरून बसल्या. "प्रामाणिकपणे सांगू? पहिलीची मुलं दोन तास बसणार नाहीत. निम्मी शू करायला पळतील, आणि नेमकी शेवटच्या प्रसंगाला." त्यांनी त्रिकोण दिला. फुकुमा आजींनी फुली जागच्या जागी ठेवली.

"पोरीचं काही नाही. मला तीनदा झोप लागली. आई बिचारी चांगली आहे, पण कोणी काही बोलतच नाही त्यात. खारी बऱ्या. पडतात, उठतात, एकमेकांवर ओरडतात. घर असंच असतं."

मी समुद्राच्या रंगांबद्दल बोललो, कोणीच वाईट नाही त्याबद्दल बोललो. आजी म्हणाल्या, तेच तर, कोणावर तरी ओरडायला नको का. मिसुझु आणि मी बारा वर्षांत एकदाही एकमेकांवर ओरडलो नाही. मी त्याला सुख समजत होतो.

शेवटच्या रकान्यात खारींना चौघांकडून वर्तुळं होती, माझं धरून. खारी जिंकल्या, दीपगृह हरलं. पण आजची फुली सिनेमाला मिळालेली फुली होती. घरी येताना सायकल हलकी चालत होती.

१९ ऑक्टोबर, शनिवार

काहोला निकाल सांगितला. "खारी?" एवढंच म्हणाली. थोडी हिरमुसली. फुकुमा आजींना तीनदा झोप लागली, हे सांगितल्यावर हसली. मी बैठकीत काय बोललो तेही सांगितलं. आजीला यापुढे आजारी पाडायची गरज नाही म्हटलं.

तिने विचारलं, हिनाला सांगू का. मी म्हटलं, तिला माहीत आहे ना.

"माहितेय. पण मी नाही सांगितलेलं."

मग दुसरी परवानगी मागितली, आईला सिनेमाला बोलवायची. इथे, शाळेत. मी हो म्हटलं. हो म्हणायला वेळ लागला, हे या वहीत कबूल करतो.

१६ नोव्हेंबर, शनिवार

व्यायामशाळेत गुळगुळीत जमिनीवर निळ्या चटया, मागे आजीआजोबांसाठी खुर्च्या. दारात मी लोकांचे बूट रांगेत लावत होतो. मिसुझु पावणेदोनला आली. केस कापलेत, रंग उन्हाने जरा रापलाय. आम्ही एकमेकांना वाकून नमस्कार केला, शेजारी करतात तसा. कादोवाकी-सान तिला सरळ आत घेऊन गेल्या आणि योनेहारा-साननी चटईवर सरकून जागा दिली.

काहो आमच्या दोघांच्या मध्ये बसली. पलीकडे हिना.

घरी मी खारींना जेमतेम समजलो होतो. आज दोनशे मुलांमध्ये बसून पाहिला तर तो सिनेमाच वेगळा. पहिली खार पडली तेव्हा पुढची ओळ हसली, ते हसू मागे मागे सरकत आजोबांपर्यंत गेलं. माझ्या डुलकीत एक प्रसंग हुकला होता. खारींनी विसरलेल्या अक्रोडांची झाडं होतात आणि कित्येक वर्षांनी त्याच झाडावर त्यांना घर मिळतं. खारींना ते कळतच नाही, आपल्याला कळतं. मुलं इथे हसत होती आणि बऱ्याच आया गप्प झाल्या होत्या. ही करामत मला आधी दिसली नाही. दीपगृह अजूनही माझ्या मते वरचढ आहे. पण ते एकट्याने बघायचं, आणि हे सगळ्यांनी. फुकुमा आजी शेवटपर्यंत जाग्या होत्या.

नंतर चटया गुंडाळताना मी मिसुझुला सांगितलं, अर्जावर सोमवारी शिक्का मारतो. ती म्हणाली, घाई नाही. मी म्हटलं, घाई नाही, पण मारतो. मग तिने काहोच्या कोटाच्या बाह्या आखूड झाल्याचं दाखवलं. मला दिसलं नव्हतं. पुढच्या वेळी तिनेच इथे यावं, ओकायामाला नको, असं मी म्हटल्यावर तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

तिला सव्वापाचची गाडी होती. शाळेच्या फाटकापाशी सगळे घोळक्याने उभे होते, सायकली काढत, मुलांना टोप्या घालत. मिसुझु बसथांब्याकडे निघाली, रस्ता ओलांडून पलीकडे पोचली, आणि काहो फाटकाच्या लोखंडी गजावर चढली. ही मुलगी सहा महिने घरातसुद्धा हळू बोलायची.

"आई, पोचलीस की फोन कर!"

अख्ख्या रस्त्याला ऐकू गेलं. मिसुझुने हात वर करून हलवला. काहोने आजूबाजूला पाहिलं नाही. मी पाहिलं. कोणीही मान वळवली नव्हती, आणि दोनचार जण तर तिच्याबरोबर हात हलवत होते.